सातबारा घेऊन समुद्राकडे

सटाण्याच्या शेतकऱ्याने अलिबागला जमीन घ्यायची ठरवली, तर पैसा सोडून बाकी सगळं त्याच्याकडे असतं. मुंबईच्या पैसेवाल्याचं नेमकं उलट. कुळकायद्याचं कलम ६३ असं की शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. बिगरशेतकऱ्याला हवी असेल तर सरकारी परवानगी काढावी लागते, आणि बंगला बांधायला ती सहजासहजी मिळत नाही. म्हणून मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यावर, जिथे नटनट्या आणि क्रिकेटपटू शेजारी शेजारी जमिनी घेतात, तिथे तलाठ्याच्या दप्तरातल्या एका साध्या उताऱ्याला भलताच मान आहे.

हे आम्हाला कळलं भाच्यामुळे. आबा माझे मामेभाऊ, सटाण्यापासून जवळच त्यांची शेती. त्यांच्या बहिणीचा मुलगा पनवेलला एका जमीन-दलालाकडे कामाला लागला आणि त्याचे फोन सुरू झाले. "मामा, तुमच्या सातबाऱ्याला इकडं वेगळाच भाव आहे. एकदा येऊन तर बघा." यंदा आबांच्या अर्ली द्राक्षाचे चार पैसे झाले होते. बागलाणात बाग लवकर छाटतात, पावसाशी जुगार खेळतात आणि माल दिवाळीच्या पुढेमागे बाजारात आणतात. जमलं तर जमलं. डाळिंब तेल्या रोगाने नेलं तेव्हापासून आबांचा कुठल्याच पिकावर पूर्ण विश्वास नाही, त्यामुळे चार पैसे जमिनीत घालावेत हा विचार त्यांच्या डोक्यात होताच. फक्त समुद्राकाठची जमीन त्यात नव्हती.

माघात रांगडा कांदा मार्केटला घालून झाला, उन्हाळी कांद्याच्या लागवडी उरकल्या आणि आम्ही पिकअप घेऊन निघालो. आबांनी सोबत प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ आणि आधारकार्ड घेतलं होतं. खिशातली रोकड त्यांनी एकदाही मोजली नाही, पण ही पिशवी दर टोलनाक्याला चाचपून बघत होते. आमच्या गावचा देव मुळात महसूल खात्यातलाच. यशवंतराव महाराज सटाण्याला मामलेदार होते आणि १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. तेव्हापासून ते देवमामलेदार. मार्गशीर्षातल्या वद्य एकादशीपासून त्यांची यात्रा भरते. सरकारी कागदाला हात लावताना सटाण्याचा माणूस थोडा भाविक होतो, तो असा.

लोहोणेर, देवळा करत नाशिक गाठलं, इगतपुरीहून समृद्धीला लागलो. हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि कसारा घाटातल्या रांगा आमच्यापुरत्या इतिहासजमा झाल्या. बोगद्यांमधून खाली उतरलो की आमणे. तिथून मुंबई, आणि मुंबईत भाऊचा धक्का. भाच्याचं म्हणणं होतं की अटल सेतूवरून या, लवकर पोचाल. पण आबांनी समुद्र पाहिलेला होता तो दादर चौपाटीवर उभं राहून. गाडीसकट बोटीत चढता येतं म्हटल्यावर ते दुसरं काही ऐकायला तयार नव्हते.

रो-रो बोटीच्या पोटात गाड्या लावायला जी माणसं असतात ती कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. आमचा पिकअप, मागच्या फळीवर अजून कांद्याचा पाला चिकटलेला, त्यांनी दोन परदेशी गाड्यांच्या मध्ये नेऊन बसवला. एका गाडीतून आधी कुत्रा उतरला, मग त्याला धरणारा माणूस, मग मालकीणबाई. कुत्र्याचंही तिकीट असतं हे ऐकून आबांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. तासाभराचा प्रवास. वरच्या डेकवर बसलेल्यांपैकी निम्मे लोक फोनवर माळी, वायरमन आणि स्वयंपाकीणबाई यांच्याशी बोलत होते: पाणी भरून ठेवा, एसी लावून ठेवा, सुरमई मिळाली का. शनिवारची सकाळ होती.

ही बोट सुरू झाली मार्च २०२० मध्ये, आणि काही दिवसांतच देश बंद झाला. बोटीचं तेव्हा नुकसान झालं असेल, जमिनीच्या बाजाराचं नाही. घरून काम करायची सवय लागली, तसं मुंबईकरांच्या लक्षात आलं की शनिवार-रविवारचं घर हे सोमवारचंही होऊ शकतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्यानंतर इथल्या दलालांनी किलोमीटर मोजणं सोडून दिलं. ते मिनिटं सांगतात. मांडवा गेटवेपासून इतकी मिनिटं, सेतूपासून इतकी. वडखळच्या कोंडीत अडकण्याची मिनिटं त्यात धरलेली नसतात.

मुंबईच्या कटकटीपासून पळून अलिबागला येण्याची चाल मात्र जुनी आहे. माझ्या माहितीतला पहिला मानकरी म्हणजे वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद व्हायची. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. ती वेधशाळा अजून तिथे आहे, आणि तिने शेजारचा प्लॉट घेऊन रिसॉर्ट काढलेला नाही.

मांडवा जेट्टीवर भाचा आणि त्याचे साहेब उभे होते. मांडवा हे नाव आमच्या पिढीला 'अग्निपथ'मुळे पाठ. तो सिनेमा १९९० चा. त्यातल्या नायकाला मांडवा परत मिळवायला तीन तास मारामारी करावी लागली. त्याच अमिताभ बच्चन यांनी २०२४ मध्ये अलिबागला एका बिल्डरच्या प्रकल्पात दहा हजार चौरस फुटांचा प्लॉट दहा कोटींना घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. साहेबांनी ही बातमी आम्हाला गाडीत बसल्या बसल्याच सांगितली. इथे प्रत्येक दलाल भाव सांगायच्या आधी शेजारी सांगतो.

आबांनी लगेच गुंठ्यात हिशेब मांडला. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा हजार फूट म्हणजे सव्वानऊ गुंठ्यांच्या आत. म्हणजे गुंठ्याला एक कोटीच्या वर. मग साहेबांनी झिराडचं उदाहरण दिलं: विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी २०२२ मध्ये आठ एकर घेतली, बातम्यांत आलेली किंमत १९ कोटी २४ लाख. आबांनी पुन्हा तोंडी हिशेब केला. तीनशेवीस गुंठे, गुंठ्याला सहा लाख. "एकाच तालुक्यात एकाला सहा लाख, एकाला कोट. कसं काय?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे इथला अख्खा धंदा. सहा लाखांत मिळते ती नुसती जमीन. कोटीत मिळतो तो एनए केलेला तुकडा: बिनशेती परवानगी, आत रस्ता, वीज, पाणी, फाटक, फाटकावर रखवालदार आणि क्लबहाऊस. एनए झालं की कलम ६३ ची अट संपते, शेतकरी दाखल्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे गुंठ्यामागे जे कोटभर रुपये जास्त पडतात, त्यात डांबर आणि दिव्यांचे पैसे थोडेच. बाकीचे पैसे शेतकरी नसूनही इथे राहता यावं म्हणून मोजलेले. आबांच्या पिशवीतला कागद ज्यांच्याकडे नाही त्यांनी त्याची अशी भरपाई करायची. हे साहेबांनी इतक्या उघडपणे सांगितलं नाही, पण दुपारपर्यंत आम्हा दोघांनाही ते उमगलं होतं.

आवासकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती. भिंतींवरून नारळाचे शेंडे दिसतात, वाडी दिसत नाही. मुरूड-श्रीवर्धनकडे अजून कुंपणाच्या फटीतून सुपारी वाळत घातलेली, विहीर, रहाटाचा जुना कट्टा असं काहीबाही दिसतं. इथे जांभ्याचा चिरा दहा फूट उंच चढवलेला आणि वर कॅमेरा. आम्हाला दाखवायचा व्हिला तयार होता, सजवून ठेवलेला. दाराला जुन्या वाड्याचं सागवानी दार बसवलेलं. आत चेट्टिनाडहून आणलेले खांब. अंगणात पूर्ण वाढलेली चाफ्याची झाडं, क्रेनने आणून लावलेली. बुंध्याला अजून दोऱ्या होत्या. तलावाचं पाणी काठाबरोबर, हललं की सांडेल असं. आबांनी वाकून हात घातला आणि विचारलं, "बोअरचं का टँकरचं?" साहेब म्हणाले, "दोन्ही."

"आणि समुद्र?"

"गच्चीवरून दिसतो."

स्वयंपाकघरं दोन होती. एक दाखवायचं, बेटासारखा ओटा मधोमध. दुसरं मागच्या अंगाला, जिथे फोडणी घालायची आणि मासे तळायचे, ते नोकरांचं. आबा दाखवायच्या स्वयंपाकघरात एकेक कपाट उघडत गेले. प्रत्येक खण हलक्या हाताने सरकत आत जायचा, आवाज नाही. शेवटी म्हणाले, "कांदा कुठं ठेवायचा?" साहेबांनी एक खण दाखवला, घट्ट बंद होणारा. आबांनी त्यात हात घालून बघितला. वारा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कांदा चाळीच्या पट्ट्यांमधली फट बोटाने मोजली, त्याच्या दृष्टीने हे घर तिथेच नापास झालं. "चार दिवसांत कोंब येतील," एवढंच ते भाच्याला हळूच म्हणाले.

मला मात्र तिथे सालिम अली आठवले. याच पट्ट्यातल्या किहीमला राहून त्यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून सगळं तपासते. पसंत पडलं तर नर उरलेलं पुरं करतो, नाही तर ते घरटं तसंच लोंबकळत राहतं. एक मादी अंड्यांवर बसली की नर पुढचं घरटं विणायला घेतो, नवी मादी बघतो. सँपल व्हिला, बुकिंग, ताबा, पुढचा प्रकल्प. किहीमच्या बाभळींवर हे बिल्डरांच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

किहीमचं नाव निघालं तशी साहेबांची जीभ जरा आखडली. नीरव मोदीचा बंगला तिथलाच. किनारपट्टीच्या सीआरझेड नियमांत तो बसत नव्हता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून तो पाडला. टीव्हीवर ते दृश्य सटाण्यालाही दिसलं होतं. आबांना त्यातलं एकच लक्षात होतं की भिंती इतक्या पक्क्या होत्या, नुसत्या जेसीबीला ऐकेनात. भरतीरेषेपासून किती अंतरात बांधायचं नाही हे १९९१ पासून ठरलेलं आहे. अंतरं आणि सवलती बदलत गेल्या, अगदी २०१९ च्या नव्या अधिसूचनेपर्यंत. 'सी टच' म्हणून विकल्या जाणाऱ्या जागेत सगळ्यांत आधी हा नकाशा मागावा. आम्ही मागितला नाही, कारण तोवर आम्ही गिऱ्हाईक उरलो नव्हतो.

चहाच्या टपरीवर साहेब मुद्द्यावर आले. टपरी रस्त्याकडेची, बाकडं मोडकं. बहुधा मुद्दामच निवडलेली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एक पार्टी आहे मुंबईची. जमीन शेतीची, सुंदर, आत जुनी विहीर. दस्त आबांच्या नावावर करायचा, पैसे पार्टी देईल, आबांना त्यांचा मोबदला वेगळा. पुढे एनए झालं की नाव फिरवून घेऊ. "नुसती सही आहे, आप्पा." साहेबांना आबा आणि आप्पा यातला फरक माहीत नव्हता.

बेनामी व्यवहाराचा कायदा १९८८ चा आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी सांगायला तोंड उघडलं होतं. आबांनी हाताने थांबवलं. चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाले, "साहेब, आम्ही काय अलिबागहून आलोय का?"

टपरीवाला मोठ्याने हसला. तो अलिबागचाच. या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून कुणीतरी उच्च न्यायालयात गेलं होतं आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ते मनावर घेऊ नका असं सांगून परत पाठवलं होतं. टपरीवाल्यानेही मनावर घेतलं नाही. आबा उठताना मात्र आपल्या बोलीत बोलले, म्हणजे विषय संपला होता: "मन्हा सातबारा मन्हाजोडेच ऱ्हाऊ द्या."

भाचा खजील झाला. त्याला या बोलण्याची आधी कल्पना होती की नाही, हे मी विचारलं नाही. नोकरी आहे बिचाऱ्याची. पुढचा दिवस त्याने आम्हाला नुसतंच फिरवलं, आणि खरी मजा त्यात आली.

सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आहे. १८९१ मध्ये याच गावात जन्मलेला माणूस. पुण्याचा १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्यांच्या घराचं आता संग्रहालय केलं आहे. भिंतींच्या त्या रांगेत हेच एक घर, जिथे कुणीही किरकोळ तिकीट काढून आत जाऊ शकतं. व्हरांड्यात, अंगणात, खोल्यांमधून माणसं आणि जनावरं उभी, बसलेली, दगड-सिमेंटची असून अंगात उब असल्यासारखी. आबा बराच वेळ रेंगाळले. व्हिलामध्ये ते दहा मिनिटांत कंटाळले होते.

थळ हे गाव आबांना आधीपासून ठाऊक होतं, तेही नटांमुळे नाही. थळला आरसीएफचा युरियाचा कारखाना आहे आणि पोत्यावरची नावं शेतकरी वाचतोच. "इथं युरिया होतो तिथंच शाहरुख राहतो?" असं त्यांनी दोनदा विचारलं. अलिबागला कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला हात जोडले, ओहोटी होती म्हणून कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलो, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे.

परतीच्या वाटेवर अलिबागजवळच्या खंडाळे गावापाशी पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या आणि आबांनी गाडी थांबवायला लावली. हा अलिबागचा भौगोलिक मानांकन मिळालेला कांदा. भातकापणी झाली की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर लावतात. बाई माळ विणत बसल्या होत्या. पात वाळवलेली, पण मोडणार नाही इतकी मऊ. तीन पेड घ्यायचे, मध्ये कांदा अडकवायचा, पीळ द्यायचा, पुढचा कांदा. खाली मोठे, वर चढत बारीक. हात चालू, बोलणंही चालू. आबांनी एक कांदा उचलला, बोटांत दाबला, मान हुंगली.

"चाळीत किती दिवस टिकतो?"

"चाळ कसली भाऊ? माळ बांधायची नि माळ्यावर टांगायची."

माळेचा भाव त्यांनी सांगितला. आबांनी आमच्याकडचा क्विंटलचा भाव सांगितला. बाई विणायच्या थांबल्या. "क्विंटल?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मग पदर तोंडाशी नेऊन हसल्या. आबाही हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं. त्यांनी चार माळा घेतल्या. शेताबद्दल विचारल्यावर बाईंनी हात लांब करून दाखवलं: ते पलीकडचं दिराने विकलं, त्याच्या पलीकडचं चुलत्यांनी. दीर आता तिथल्याच बंगल्यावर देखरेखीला असतो, पगार वेळच्या वेळी मिळतो. "तुमचं?" "आमचं नाय दिलं अजून." त्या 'अजून'वर जोर नव्हता, तक्रारही नव्हती.

न्यूयॉर्कजवळच्या हॅम्पटन्सला जगातले बडे लोक उन्हाळी घरं घेतात. तिथेही आधी बटाट्याची शेतं होती. पण अमेरिकेत बटाटेवाल्याची शेती कुणीही धनिक सरळ विकत घेऊ शकतो. इथे मध्ये कायदा उभा आहे, आणि तो कायदा कुठून आला हे बघायचं तर पोयनाडकडून आत वळावं लागतं.

चरी हे अलिबाग तालुक्यातलंच गाव. खोतांची जमीन कसणाऱ्या कुळांनी १९३३ मध्ये इथे ठरवलं की आता पेरायचंच नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पंचवीस गावं त्यात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. पेरणीशिवाय इतके पावसाळे जाऊ द्यायचे म्हणजे काय, हे कुठल्याही शेतकऱ्याला फोड करून सांगायला नको. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले; १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र काढलं. संपाच्या रेट्याने १९३९ चा कुळकायदा आला, पुढे १९४८ चा अधिनियम आला, आणि त्यातच ते कलम ६३. जमीन कसणाऱ्याकडेच राहावी, सावकाराकडे आणि शहरातल्या धनिकाकडे जाऊ नये, म्हणून. ज्यांनी उपाशी राहून हे मिळवलं त्यांच्या नातवंडांकडून धनिक आता जमीन घेतो, ती कायद्यातल्या बिनशेतीच्या दारातून, नाही तर आबांसारख्या कुणाच्या तरी सहीवरून. सटाण्याहून आलेल्या आम्हा दोघांना तो कागद चरीच्या लोकांनी मिळवून दिला होता, हे आम्हाला टपरीवर बसलो असताना सुचायला हवं होतं.

गावात दुपार होती. एका दुकानासमोर गाडी लावून पाणी प्यायलो. आबांनी दुकानदाराला आपलं नाव-गाव सांगितलं, मग विचारलं, "इकडं पण बंगलेवाले आलेत का?"

"रस्त्यालगतचं थोडं गेलंय. आत कोण येतंय? समुद्र नाय इथं, खाडी आहे."

"मग बरं आहे."

"रेवस-करंजा पुलाचं काम चाललंय ना," दुकानदार सुटे पैसे मोजत म्हणाला. "तो झाला की उरणहून थेट. मग खाडीलापण व्ह्यू म्हणतील." मग आबांच्या हातातल्या माळांकडे बघून त्याने विचारलं, "केवढ्याला घेतल्या?" भाव ऐकून मान हलवली. जास्त पडल्या होत्या.